पुन्हा आढळले नाही

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तुळसा रत्नागिरीच्या क्षयरोग केंद्रात आली. दाराबाहेर चपला काढून ती संगणकाच्या थंडगार खोलीत शिरली आणि मालनच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "ताई, एक नाव काढायचं होतं यादीतनं. बाई वारली."

मालनने मान वर न करता लाल पेन उचललं. "गाव?"

"आंबेकोंड. काशी केरू गोताड."

यादी समोरच होती. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदाची ती घडी दर महिन्याला छापून निघायची, आणि तालुक्यातल्या क्षयाच्या बाराशे रुग्णांपैकी कुणाच्या घरी गोळ्या घेऊन कधी जायचं हे तिच्यात असायचं. तुळसासारखे सहा बाया-बाप्ये आपापला भाग फाडून घेऊन वाड्यावाड्यांतून फिरत. मालनला नाव लगेच सापडलं. पेन त्याच्यावर टेकवणार इतक्यात तुळसाने वाकून पाहिलं आणि तिचं मनगट धरलं.

"ही नव्हे ओ. ही वरच्या वाडीतली. हिला गेल्या सोमवारीच गोळ्या देऊन आले, धडधाकट आहे. वारली ती खालच्या वाडीतली. तिचं पण नाव काशी आणि तिच्या पण नवऱ्याचं नाव केरू. आडनाव तर काय, सगळं गावच गोताड."

"मग ती कुठाय?"

"माझ्या कागदावर ती कधी नव्हतीच. मला वाटलं, दुसऱ्या कुणाकडे असेल. काल एसटीत बायका बोलत होत्या, खालची काशी टीबीनं गेली म्हणून. म्हटलं, कळवायला हवं."

मालनने यादी पुन्हा पाहिली, मग पुढची दोन पानं उलटली, मग मागची. काशी केरू गोताड, आंबेकोंड, एकदाच. मेलेल्या बाईचं नाव खोडायचं होतं आणि ते खोडायला नव्हतंच. तुळसाच्या बोटांची ऊब अजून तिच्या मनगटावर होती, आणि वातानुकूलन यंत्राची घरघर, जी तिला एरवी ऐकूही येत नसे, ती एकाएकी खोलीभर झाली. "तू जा," ती म्हणाली. "मी बघते." तुळसा गेल्यावर तिने खालच्या खणातून निळ्या बांधणीची वही काढली. ती उघडण्याआधीच तिला क्रमांक ठाऊक होता. चिठ्ठी १४३.

चिठ्ठ्या हे मालनचं काम. दीड वर्षापूर्वी केंद्राने संगणक घेतला, मुंबईत शिकून आलेल्या हमीद मुकादमला प्रोग्रॅम लिहायला ठेवलं आणि टायपिंगच्या जागेवर असलेल्या मालनला त्याच्या शेजारी बसवलं. प्रोग्रॅम चुकू लागले. कुणाचं वय शंभर यायचं, कुणाचा पत्ता दुसऱ्याच्या घरी जायचा. जो तो हमीदला येता-जाता तोंडी सांगायचा आणि हमीद विसरायचा, तेव्हा मालननेच सुचवलं की ज्याला चूक दिसेल त्याने चिठ्ठी लिहावी, आपण तिला क्रमांक देऊ. वहीचे रकाने तिने स्वतः पट्टी लावून आखले होते: क्रमांक, तारीख, कुणी लिहिली, काय चुकतंय, कुणाच्या हाती, आज कुठवर आलं, बंद केल्याची तारीख, शेरा. दर गुरुवारी केंद्राचे प्रमुख डॉ. परुळेकर यांच्यासमोर ती वही वाचायची. उघड्या किती, बंद किती. तिला ते आवडायचं. एखादी चिठ्ठी नोंदीतून हातात, हातातून तपासणीत आणि तपासणीतून बंदमध्ये सरकली की छातीत काहीतरी जागच्या जागी बसायचं. घरी असं काही बसत नसे. नवरा रघू मुंबईला दुसऱ्या बाईबरोबर राहतो हे सगळ्या आळीला माहीत होतं, आणि तरी फॉर्म भरताना ती 'विवाहित'समोर खूण करायची, कारण दुसऱ्या कुठल्याच चौकटीत तो प्रकार बसत नव्हता.

१४३ समोर तिचंच अक्षर होतं. 'सखाराम घाणेकर. २८ मे. काशी केरू गोताड, आंबेकोंड, यादीत येत नाही. दोन आहेत.' आणि उजवीकडच्या टोकाला: 'तपासले. पुन्हा आढळले नाही. बंद. ११ जुलै १९८८.'

तिला अकरा जुलै आठवला, नको इतका स्पष्ट. त्याच्या आदल्या गुरुवारी डॉक्टरांनी विचारलं होतं, "उघड्या एकतीस? पुढच्या शुक्रवारी मदत देणारे लोक येतायत, मालनबाई. एकतीस बघून त्यांना वाटेल इथे चुकांखेरीज काही नाही. दहाच्या आत आणा." हमीद तेव्हा रजेवर होता, बहिणीच्या, शमीमच्या लग्नासाठी. सोमवारी दुपारी खोलीत ती एकटीच होती. एकेक चिठ्ठी घ्यायची, पडद्यावर बघायची, चूक दिसते का पाहायचं. नाही दिसली तर बंद. पहिल्या चार-पाच तिने मन लावून पाहिल्या, पुढे हाताला गती आली. १४३ आली तेव्हा तिने यादीत नाव शोधलं. काशी केरू गोताड, आंबेकोंड. आहे की! चिठ्ठी म्हणते येत नाही, आणि इथे तर आहे. शेवटच्या दोन शब्दांपाशी मात्र ती अडखळली होती. दोन आहेत. काय दोन? येत नाही म्हणायचं आणि दोन आहेत असंही म्हणायचं? सखाराम घाणेकर तीस वर्षं वाड्या तुडवून मेअखेर निवृत्त झाला होता आणि त्याचा भाग तुळसाकडे आला होता. त्याला संगणक म्हणजे थोतांड वाटायचं. म्हातारा गोंधळला असेल. खेडला लेकाकडे राहायला गेलाय, पोस्टकार्ड टाकून विचारता येईल, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. पत्र जाऊन उत्तर यायला आठ दिवस. पेन कागदावरच होतं. तिने 'तपासले' लिहिलं, आणि पुढचे शब्द हाताने आपोआप लिहिले, कारण त्या दुपारी ते तिने अकरा वेळा लिहिले होते. संध्याकाळपर्यंत उघड्या नऊ राहिल्या. डॉक्टर म्हणाले होते, "शाबास."

आता ती वाट बघत होती. असं काही कळल्यावर माणसाला काहीतरी होतं, पोटात खड्डा पडतो, हातपाय कापतात. तिने टेबलावर ठेवलेल्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. रघूचं कळलं तेव्हाही असंच झालं होतं. नणंदेने येऊन सगळं सांगितलं, आणि ही पिशवी घेऊन बाजारात गेली, बांगडे बघून घेतले, कोळणीशी घासाघीस केली, घरी येऊन ते साफ केले, आणि जेवताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला चव लागत नाहीये. बस, एवढंच. बधिर पायाला मुंग्या येऊन तो जागा होतो, तसं कधीतरी होईल म्हणून ती तीन वर्षं थांबली होती.

हमीद अकराला आला. तिने वही त्याच्यापुढे सरकवली आणि तुळसाने सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्याने १४३ वाचली, परत वाचली, आणि यंत्रासमोर बसला. दहा मिनिटं फक्त कळांचा आवाज. मग तो थांबला. खुर्ची न वळवताच म्हणाला, "ताई, हे मीच सांगितलंय मशीनला."

"काय?"

"सुरुवातीला टायपिंगमध्ये एकेक माणूस दोनदा यायचा. म्हणून मी लिहिलं, एकच नाव दोनदा आलं तर एकदाच घे. ते नाव बघतं आणि गाव बघतं. वाडी कुठे आहे त्यात? वाडीचा रकानाच नाय आपल्या फॉर्मात." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दुसरी काशी त्याला पहिलीच वाटली. टाकली त्याने."

"म्हणजे आणखीही..."

"काढतो."

छपाई यंत्र कर्रकर्र करत पुढेमागे धावू लागलं. कागद वर येत होता आणि दोघं उभं राहून बघत होती. पावस गावच्या दोन मैमुना, त्यातली एक. एका गावचे दोन रमजान, त्यातला एक. रावजी, काशीराम, आणखी एक रावजी. यंत्र थांबलं तेव्हा एकोणीस नावं झाली होती, आणि अकराव्या ओळीवर काशी केरू गोताड, आणि तिच्यापुढे: 'पुढील भेट थकीत.' हमीदने कागद फाडला नाही. "माझं काम जाईल," तो हळू म्हणाला, आणि लगेच, "ते जाऊ दे. चूक माझी आहे, ताई. तुम्ही तुमचं नाव नका घेऊ." मालनला त्याच्याबद्दल माया वाटायला हवी होती. तिला फक्त दिसलं की त्याच्या शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं आहे.

डॉ. परुळेकरांनी एकोणीस नावं वाचली आणि चष्मा काढून डोळे दाबले. ते वाईट माणूस नव्हते. दारोदार फिरून त्यांनी हे केंद्र उभं केलं होतं. बायकोशीही ते जेमतेम बोलत, पण रुग्णांची नावं त्यांना पाठ असत. निदान पूर्वी असत. "सगळ्यांना शोधा," ते म्हणाले. "आजच निरोप पाठवा. हमीद, दुरुस्त केलंस?"

"केलं, सर."

"मग नवी चिठ्ठी नको. दुरुस्ती झालेली आहे. या शुक्रवारी मदत देणारे लोक परत येणार आहेत." मग मालनकडे वळून त्यांनी काशीचं कार्ड मागवलं. पिवळं कार्ड, फेब्रुवारीतलं, तळाशी अंगठा. एप्रिल आणि मेच्या चौकोनांत सखारामची सही होती. यादीत नाव नसतानाही तो आपल्या आठवणीने गोळ्या देऊन आला होता. जूनपासून चौकोन कोरे. "इथे 'उपचार सोडले' लिहा."

"तिने सोडले नाहीत," मालन म्हणाली.

"औषध बंद होतं. तांत्रिकदृष्ट्या त्याला तेच म्हणतात."

"पण तिने नाही सोडले."

डॉक्टरांचा आवाज चढला नाही. "'आम्ही सोडले' असा रकाना कार्डावर नाही, मालनबाई. आणि उद्या केंद्र बंद पडलं तर बाराशे कार्डांवर काय लिहायचं ते सांगा."

ती कार्ड घेऊन जागेवर आली. 'उ' लिहायला पेन टेकवलं. दुपारभर ते कार्ड समोर होतं. चहा आला, साय धरून गार झाला, कुणीतरी कप उचलून नेला. तिला वाटत होतं की आपण लिहू. लिहायला काहीच हरकत दिसत नव्हती. शब्द तयार होते, रकाना तयार होता, आणि आतून कुणी 'नको' असंही म्हणत नव्हतं. आतून कुणी काहीच म्हणत नव्हतं. पाच वाजता तिने कार्डाला टाचणी लावून ते बाजूला ठेवलं आणि कोरी चिठ्ठी ओढली. क्रमांक २०७. 'आंबेकोंड, खालची वाडी येथील काशी केरू गोताड हिचे नाव यादीत नसल्याने तिला जूनपासून औषध मिळाले नाही. ती वारली. चिठ्ठी १४३ मी न समजता बंद केली. आणखी अठरा नावे सोबत. — मालन शिवलकर.' हे लिहितानाही तिला काही वाटलं नाही. फक्त हे खरं होतं, आणि वहीत खरं लिहायचं असतं, एवढंच तिला त्या वेळी कळत होतं.

गुरुवारी बैठकीत तिने वही उघडली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "उघड्या किती?"

"एक."

ते क्षणभर खूश झाले. मग तिने ती वाचली, बाकीच्या वाचायची तशीच, त्याच आवाजात. तुळसा भिंतीला टेकून उभी होती, ती खाली बसली. हमीदने मान खाली घातली. पंखा फिरत होता. डॉक्टरांनी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, स्वतः वाचली. मालनला वाटलं, फाडतील. त्यांनी ती टेबलावर ठेवून तळव्याने सपाट केली.

"ही बंद कधी होईल?" त्यांनी विचारलं.

"एकोणीसही घरी कुणीतरी जाऊन आल्यावर."

"जा मग," ते म्हणाले, आणि कागद तिला परत दिला.

शुक्रवारी मदत देणारे ते मुंबईचे लोक आले. दार बंद करून डॉक्टर त्यांच्याशी दीड तास बोलले. बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही; मदत चालू राहील की नाही ते कळायला मार्च उजाडणार होता. पाहुण्यांपैकी एकाने वहीवरून बोट फिरवत २०७ दाखवली आणि, "ह्या तुम्ही?" एवढंच विचारलं. मालन हो म्हणाली. शनिवारी दुपारपर्यंत केंद्राची माणसं बाकीची घरं शोधून परतली. अठरांपैकी अकरांना त्यांचे फिरते कार्यकर्ते ओळखीने गोळ्या देतच होते. चौघे सरकारी दवाखान्यातून औषध घेत होते. पावसची मैमुना खोकत होती, तिला आणून भरती केलं. दोघं गाव सोडून गेले होते, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. राहिलं अकराव्या ओळीवरचं घर. तुळसा म्हणाली, "मी नाय जायची, ताई. दर महिन्याला मी त्यांच्या बांधावरून वरच्या वाडीला गेलेय. मी काय तोंड दाखवू?"

म्हणून रविवारी सकाळच्या एसटीने मालन गेली. पालीच्या पुढे फाट्यावर उतरून कातळातल्या पायवाटेने तासभर चालायचं होतं. गवत पिवळं पडलं होतं, पायाखाली जांभा दगड तापू लागला होता. काय बोलायचं ते ती वाटेत जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य बैठकीत वाचण्यासारखं होत होतं. वाडी आली. पहिल्याच खळ्यात एक माणूस भाताची पेंढी फळीवर झोडत होता. पस्तिशीचा असेल, डोकं भादरलेलं, केस नुकते उगवू लागलेले. तिने नाव विचारलं. तोच केरू. ती रत्नागिरीच्या केंद्रातून आली म्हटल्यावर त्याने पेंढी खाली ठेवली, अंग पुसलं, आणि तिच्यासाठी घडवंची उन्हातून सावलीत ओढली.

"बसा बाय. उशीर झाला तुमास. ती गेली."

"माहीत आहे," मालन म्हणाली.

त्याने तांब्या आणून दिला. ती पाणी प्यायली. तो समोर उकिडवा बसला, आणि तिने तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, जणू बरेच दिवस कुणाला तरी विचारायचं राहून गेलं होतं. "तुमच्याकडं तारीख असंल ना? बरी कवा झाली ती?"

मालनला कळेना. "कोण?"

"काशी. सकाराम यायचा तवर गोळ्या चालू होत्या. मंग जूनला कोन आला नाय. जुलयला वरच्या वाडीत बाई येऊन गेली, हिकडं वळली नाय. काशी बांदावर हुबी ऱ्हायची. मी बोल्लो, अगो, यादीतना नाव गेला म्हंजे तू बरी झालीस, नायतर ती मानसा अशी कशी सोडतील? तिला पन पटला. हसली." तो हातातल्या काडीने जमिनीवर रेघा काढत होता. "मंग मी तिला भाताच्या लावनीला नेली. बरी झाली म्हटल्यावर काय? धा दिस चिखलात होती. तिथना जी पडली ती उटलीच नाय. म्हनून इचारतंय. तारीख बघा. लावनीच्या आदी बरी झाली व्हती का नंतर व्हनार व्हती? मी घाई केली का?"

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं. "ती बरी झाली नव्हती," मालन म्हणाली. "नाव चुकून गेलं. वरच्या वाडीतली काशी आणि तुमची, दोघी मशीनने एकच धरल्या. सखारामने कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद माझ्याकडे आला. मी नीट बघितलं नाही, बंद करून टाकला. गोळ्या तेव्हाच पुन्हा सुरू झाल्या असत्या."

ती थांबली, आता तो ओरडेल, हात उगारेल, आणि तसं व्हावं असं तिला वाटलं, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी व्हावंसं वाटलं. खळ्यात कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या.

"मंग लावनीमुळं नाय?"

"नाही. गोळ्या थांबल्या म्हणून."

"माझ्यामुळं नाय?"

"तुमच्यामुळे नाही."

त्याने काडी टाकली. दोन्ही तळवे जमिनीला टेकून तो तसाच बसला, डोकं खाली, पाठ हलत होती. मग उठला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुमास काय बोलायचा त्ये मी मागनं बोलन. आता आत या." आणि घराकडे चालू लागला. पडवीच्या पायरीशी थांबून त्याने आवाज खाली आणला. "काशीची आये हाय. यमुनाबाई. तेराव्याला आली ती पोरांसाटी ऱ्हायली. माझ्या हातचा पानी घेत नाय. माझ्याशी शबूद बोलत नाय. तू माझ्या लेकीला चिखलात मारलीस, येवडाच बोल्ली, मंग गप. आता मला सांगितलात त्ये तिला सांगा. मी सांगितला तर तिला खरा नाय वाटायचा."

म्हातारी पडवीत सुपात कुळीथ निवडत बसली होती. मालन तिच्यासमोर जमिनीवर बसली. केरू उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं नाही, मालनकडेही नाही, खडा उचलून बाजूला टाकला आणि विचारलं, "कोन गो तू?"

"मी मालन. रत्नागिरीच्या केंद्रातली. गोळ्यांच्या."

"मंग?"

मालनने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मशीन, दोन काशी, सखारामचा कागद. कागदापर्यंत ती नीट आली. तिथे तिचा आवाज गेला. तिने खाकरून पुन्हा शब्द धरला, तो पुन्हा सुटला. ओठ हलत होते आणि पडवीत काही ऐकू येत नव्हतं. म्हातारीची बोटं कुळथात थांबली. तिने सूप खाली ठेवलं, पहिल्यांदाच मान वर केली, आणि म्हणाली, "बोल."